टाकीची वाकडी शिडी

दादा,

फोटो पाहून तो कुठल्या रस्त्यावरचा आहे हे ओळखणं, याचाच मला वर्तमानपत्रात पगार मिळतो. विजेचे खांब, गटारांची झाकणं, सावल्या, मी काही सोडत नाही. पण तुझे परदेशातले फोटो नऊ वर्षं फक्त तुझ्या चेहऱ्यासाठी पाहिले. बाबांनी तुला घराबाहेर काढल्यापासून आई दरवर्षी एक दाखवते.

आज सवयीने नजर तुझ्या मागे गेली आणि तिथेच अडकली. पाण्याची टाकी आणि तिची वाकडी शिडी! आपल्या स्वयंपाकघरातून दिसते तीच, फक्त पलीकडून. म्हणजे तू दहा मिनिटांवर राहतोस? मग मी इतकी वर्षं रडले कशाला रे?

तुझ्या पाठीमागच्या दुकानाच्या काचेत फोटो काढणारी बाई दिसतेय. चेहरा मोबाईलमागे लपलाय, पण खांद्यावरच्या पिशवीला हिरवं ठिगळ आहे. ते मीच लावलंय.

मघाशी आई तीच पिशवी घेऊन निघाली. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणाली. बाबा समोरच बसले होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सावकाश ये."

तुझी,
ठकी