वरचा थर रिकामा

मंगळवार, ४ मार्च, अमरावती

माउंट होत नाही! सकाळपासून तेच. कंटेनरच्या, म्हणजे मशीनमधल्या बंदिस्त कप्प्याच्या, आत ओव्हरले, म्हणजे एका थरावर दुसरा थर, जोडायला गेलं की नकार, आणि कारण काय तर 'चुकीचा आदेश'. सरकारी बाबू परवडला, तो निदान 'उद्या या' म्हणतो.

मला हवंय ते सोपं आहे. खालच्या थरात बाबांच्या गायन पार्टीची गाणी. जुन्या छापील चोपड्या स्कॅन करून मशीनने वाचलेली, म्हणजे अर्धी बिघडवलेली. त्या थराला हात लावायचा नाही. बाबांच्या दुरुस्त्या वरच्या थरात, आणि बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान. मशीन इथे माझ्या खोलीत, बाबा अकोल्याला जुन्या शहरातल्या घरी लॅपटॉपवर. चौदा एप्रिलच्या आत पुस्तिका छापायची आहे. पार्टीतले आता बाबा एकटेच उरलेत. खरे शब्द दुसऱ्या कोणाला माहीत नाहीत.

बुधवार, ५ मार्च

ऑफिसातल्या कुंदनने चहा पिता पिता सांगितलं – "कंटेनर सोताच थरावर उभा आहे, मॅडम. त्याच्याच पोटात तुमचा वरचा थर कसा ठेवू देईन तो?" बाहेरची जागा हवी. घाईघाईत मेमरीतली दिली, तात्पुरती. झालं माउंट!

बाबांना फोन. सुरू करा म्हटलं. "करतो ना वं."

शुक्रवार, ७ मार्च

लाइट गेली. मशीन बंद, मेमरी साफ, बाबांचं दोन दिवसांचं काम गेलं. तात्पुरतं म्हणून केलं आणि विसरले! शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत.

संध्याकाळी कसंबसं सांगितलं. "जाऊ दे वं. पुन्ना करतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वरचा थर डिस्कवर हलवला. आता लाइट जावो नाहीतर येवो.

रविवार, ९ मार्च

थर रिकामा. बाबा म्हणतात बावीस पानं झाली.

सोमवार, १० मार्च

आता रोज संध्याकाळी फोन करते. बाबा ओळ म्हणून दाखवतात, "हे बराबर केलं" म्हणतात, मग त्या गाण्यामागची गोष्ट. आज पातूरच्या वाटेवर बैलगाडीतून पेटी पडली ती. पाऊण तास! एरवी आमचं बोलणं म्हणजे रविवारी 'जेवली का', 'हो', संपलं.

आणि थर रिकामाच. माणूस तिकडे एवढा राबतोय आणि माझं यंत्र सगळं गिळून बसलंय. लाज वाटते.

मंगळवार, ११ मार्च

फाइलींच्या परवानग्या तपासल्या. कामाचा फोल्डर पुसून नवा केला. सगळं काढून पुन्हा माउंट. मी लिहिलं – वरच्या थरात उमटलं. अकोल्याला नीलमवहिनीला तिच्या मोबाइलवरून लिहायला लावलं – तेही उमटलं. फक्त बाबांचं नाही.

वहिनी म्हणाली, "बाबा आजकाल पेपरही नाही घेत हातात. सकाळपासून लॅपटॉपच घेऊन बसून रायते." ऐकून आणखीच जीव जळला. दोनदा चहा उतू घालवला आज.

बुधवार, १२ मार्च

कुंदन म्हणतो, "थर चांगला आहे, मॅडम. लिहिणारा लिहून राहिला का, ते पाहा." आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसावर संशय! त्याच्याशी बोलणंच टाकलं.

तरी कोण कधी आत आलं त्याच्या मशीनमधल्या नोंदी पाहिल्या. बाबांच्या लॅपटॉपवरून आजवर एकदाही कोणी आत आलेलं नाही. म्हणजे लॅपटॉपच बिघडला असणार! हुश्श. निदान दोष माझ्या माउंटचा नाही.

शुक्रवार, १४ मार्च, अकोला

धुळवडीची सुट्टी. एसटीने आले. दादा आणि वहिनी रंग खेळायला गेलेले. मी आल्या आल्या लॅपटॉप मागितला, तर बाबा म्हणाले, "आता येऊन राहिली, जेव तं आदी." जेवणानंतर म्हणाले, उद्या पाहू. मला धीर नाही, त्यांना घाई नाही.

शनिवार, १५ मार्च, अकोला

सकाळी बाबा लॅपटॉप उघडून बसले. मी आवाज न करता मागे उभी राहिले. बोट फिरवत त्यांनी अख्खं गाणं म्हटलं, कुठे अडखळले नाहीत. स्क्रीन काळा होता. लॅपटॉप सुरूच केला नव्हता.

"बाबा, दिसत नाही का तुमाले?"

बोट थांबलं. "दिवाईपासून अक्षर नाही दिसत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुहा रोजचा फोन बंद झाला असता."