मूळ कागद पाहिलेला नाही

४ नोव्हें., मंगळवार

दिवाळीला गेलेले बिहारचे लोक अजून परतले नाहीत. छठपूजा झाली तरी पत्ता नाही. फौंड्रीचं कोअर शॉप, वाळूचे गाभे करतात ते, निम्मं रिकामं. ठेकेदार बाबरने आज सहा नवीन माणसं आणून उभी केली. सगळी नेपाळची.

फॉर्म भरायला दुपार गेली. कॉम्प्युटरने सहाही जन्मतारखा परत फेकल्या. २०४७ म्हणे भविष्यातलं साल! त्यांचं संवत वेगळं, ५७ वजा करायचे. एकदा कळल्यावर पटापट झालं.

नेपाळी माणसाला इथं कामाला व्हिसा-परवाना लागत नाही. पण तो नेपाळचाच आहे याचा पुरावा मूळ स्वरूपात बघायचा आणि एचआर म्हणून मी सही करायची. त्यांचं नागरिकता प्रमाणपत्र (पुढं ना.प्र. लिहीन) देवनागरीतच असतं. वाचता येतं, बरं वाटलं. पाच जणांची मूळ पाहिली. सहावा देवेन राजवंशी, वय ३५. त्याच्याकडे नुसती झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. फोटोच्या जागी काळा ठिपका. मूळ वहिनीकडे गावी आहे म्हणाला. "मॅडम, मँगवा लूँगा."

आठ दिवस दिले. कामावर घेतला.

५ नोव्हें., बुध.

फोरमन तानाजीराव चहाच्या वेळेला केबिनमध्ये. दार लोटून घेतलं.

"मॅडम, त्यो राजवंशी काय नेपाळी वाटत न्हाय."

"का?"

"तोंड बघितलंसा का? बाकीच्या पाचांचं बघा आन् ह्येचं बघा. आन् फोनवर बंगाली बोलतोय. मी कानानं ऐकलंय. बांगलादेशी असणार."

मी म्हटलं, कागद येतोय, बघू. तर जाता जाता थांबले. "तुम्हाला कळंल की, मॅडम. तुमच्यातलंच असंल तर तुम्ही लगीच वळखणार."

एकोणीस वर्षं या माणसाबरोबर काम करते. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी. ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटतं की मला कळेल.

 

६ नोव्हें., गुरु.

घाटगेसाहेबांनी (आमचे फॅक्टरी मॅनेजर) बोलावलं. पोलीस ठाण्याचं पत्र. परप्रांतातल्या आणि परदेशी कामगारांची यादी, कागद तपासल्याच्या शेऱ्यासकट, १४ तारखेच्या आत. खाली तपासणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

साहेब म्हणाले, "नसीम, एवढं एक नीट बघा. तुमची सही असणार. उद्या कुणी म्हणायला नको की..."

पुढचं बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

८ नोव्हें., शनि.

बाबर आला. पाकीट टेबलावर सरकवलं. आत आधार कार्ड. फोटो देवेनचा, नाव दुसरंच, पत्ता इथल्याच जिल्ह्यातला.

"नेपाळ-बिपाळ भानगडच नको मॅडम. हितलाच करून टाका. यादीत नावच येत न्हाय."

पाकीट परत सरकवलं. उठा म्हटलं.

"एवढं काय तापतासा? मागल्या साली दोन कार्डं घेतलीसा की. तवा कुठं उलटून बघितलंसा?"

खरं आहे. घेतली होती. ऑडिटची गडबड होती, साठ फॉर्म एका दिवसात. ते दोघे तीन महिन्यांत काम सोडून गेले. ती कार्डं खरी होती की खोटी, मला माहीत नाही. आज पहिल्यांदा विचार केला.

 देवेनला या कार्डाची कल्पना आहे का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आहे असंच धरलं.

९ नोव्हें., रवि.

स. १० वा. देवेनला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

गाव? सांगितलं. जिल्हा? झापा. मोबाईलवर नकाशा उघडून बघितलं, पूर्वेच्या टोकाला आहे, बंगालला लागून. जवळची बाजारपेठ, नदी, शाळा, सगळं सांगितलं. नकाशाशी जुळलं. तरी माझं समाधान होईना. तानाजीराव कधी दारात येऊन उभे राहिले कळलं नाही. ते आहेत म्हटल्यावर माझा आवाज चढला.

म्हटलं, "राष्ट्रगीत येतं का तुमच्या देशाचं? म्हण."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. सरळ उभा राहिला. हात बाजूला घेतले. दोन ओळी म्हटल्या आणि अडकला. परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथंच अडकला. कपाळावर घाम.

"स्कूल कम गया हूँ, मॅडम."

तानाजीरावांनी मान हलवली आणि गेले. मी फाईल मिटली, जा म्हटलं. यादीच्या कच्च्या प्रतीत त्याच्या नावापुढं पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

१० नोव्हें., सोम. सुट्टी.

जेवणं झाल्यावर नवऱ्याला, इक्बालना, सांगितलं. त्यांनी दुकानातून गाडीची एक सीट घरी आणली होती शिवायला, दाभण खाली ठेवलं आणि विचारलं, "बाकीके पाँचोंकू भी गवाई क्या?"

नाही.

"क्यूँ?"

त्यांची तोंडं नेपाळ्यासारखी आहेत म्हणून, हे उत्तर तोंडात आलं आणि तिथंच राहिलं.  इक्बाल परत शिवायला लागले. त्यांनी भांडायला हवं होतं.

११ नोव्हें., मंगळ.

तिलक थापाला बोलावलं. सहातला मोठा तो, पुण्यात राहून मराठी शिकलाय. आज खुर्ची दिली. सहज विचारल्यासारखं राष्ट्रगीत विचारलं. तोही तिसऱ्या ओळीला अडकला! हसायला लागला. "मॅडम, शाळा सोडून वीस वर्ष झाला. आता कोण गाते?"

मग देवेनबद्दल. म्हणाला, "राजवंशी लोग तराईचा. सपाट जमीन. त्यांचा बोली असाच, बंगालीसारखा. आमच्यात सगळा डोंगरवाला नसते, मॅडम." चार वर्षं ओळखतो त्याला, पुण्यात एका खोलीत होते. आणि त्या आधार कार्डाचं? देवेनने नको म्हटलं होतं. फोटो बाबरने जॉइनिंगच्या फॉर्मवरचा वापरला.

फॉर्म माझ्याच कपाटातून गेला असणार.

प्रश्नचिन्ह पेन्सिलीचंच होतं, खोडरबर समोर होतं. खोडलं नाही. तिलकचा शब्द म्हणजे कागद नव्हे, असं मनाशी म्हटलं. साठ माणसांच्या साध्या झेरॉक्सवर सही करणारी मी.

१३ नोव्हें., गुरु.

देवेन आपण होऊन आला. दारातच उभा. मोबाईल पुढं केला. सिलिगुडीच्या स्पीड पोस्टची पावती, कालची. वहिनी सीमा ओलांडून इकडं येऊन पोस्टात टाकून गेली. दोन बस बदलून.

"मंगल तक आ जायेगा, मॅडम. पाँच दिन."

बस म्हटलं. बसला नाही, कपड्यांना वाळू होती म्हणून.

लगेच साहेबांकडं गेले. म्हटलं, ठाण्याला कळवू, बाकी यादी देऊ, सहाव्याचा कागद वाटेत आहे, पावती जोडू.

"चौदा म्हणजे चौदा. नाव घाला, पुढं शेरा लिहा."

"काय शेरा?"

"जे खरं आहे ते. मूळ कागद पाहिलेला नाही."

खरंच आहे ते. पावतीचं लिहू का विचारलं. "यादीत रकाना आहे का पावतीचा? नाही ना?"

लिहिलं. माझ्याच अक्षरात. सही केली.

१४ नोव्हें., शुक्र.

यादी गेली. ३७ नावं. शेरा फक्त एकाला.

 डबा तसाच परत आणला.

१५ नोव्हें., शनि.

दु. ४ वा. ठाण्यातून हवालदार आले. चांगले बोलले. चहा घेतला, माझं माहेर विचारलं. कुरुंदवाड म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या मावशीचं गाव की." मग यादी काढली.

"ह्यो एक जरा उद्या सकाळी ठाण्यात पाठवा, मॅडम. काय न्हाय, इचारतो आन् सोडतो."

निरोप शिपायाकरवी द्यायला नको वाटला. स्वतः कोअर शॉपमध्ये गेले. देवेन कोपरापर्यंत वाळूने माखलेला. मशिनच्या आवाजात ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. हे डोक्यात आलं नव्हतं.

"पुलिस?"

म्हटलं, फक्त विचारणार आहेत, पावती दाखव.

हात पँटला पुसले. जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, आप साथ आयेंगी?"

मी म्हटलं, "देखती हूँ."

येते म्हणायला काय झालं होतं? ठाण्यात त्याच्याबरोबर मी, माझ्या नावासकट. कोण काय म्हणेल. एवढंच होतं डोक्यात.

१६ नोव्हें., रवि.

सकाळी तयार होऊन पर्समध्ये पावतीची प्रिंट घेतली होती. जायचं ठरवलं होतं. हे लिहून ठेवते, पण त्याचा आता काही उपयोग नाही.

देवेन नाही. तिलक म्हणाला, उजाडायच्या आत बॅग घेऊन गेला. कुणाला बोलला नाही. फोन बंद.

तानाजीराव: "बघा! म्हटलं नव्हतं?"

साहेबांनी ऐकून सुस्कारा सोडला. म्हणाले, झालं ते बरंच झालं. ठाण्याला फोन केला. हवालदार म्हणाले, "पळाला म्हंजे काय त्ये आलंच की, मॅडम."

मी "हो" म्हटलं.

१८ नोव्हें., मंगळ.

११ वाजता पोस्टमन. पाकिटावर कंपनीचा पत्ता आणि वर "एचआर मॅडम". नाव माहीत नसणार त्यांना. कधी सांगितलंच नाही मी.

आत प्लास्टिकच्या पिशवीत मूळ ना.प्र. जुना जाड कागद, घड्यांवर झिजून आरपार दिसायला लागलेला. फोटोत सतरा-अठराचा देवेन, दोन्ही कान दिसतील असा समोर बघणारा. मागे दोन्ही अंगठ्यांचे ठसे, शिक्का. झेरॉक्सशी नंबर ताडून पाहिला, आकडा न् आकडा. जुळला. जन्म २०४७. गाव तेच, बापाचं नाव तेच.

सोबत वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर एक फोन नंबर.

केबिनचं दार लावून बसले.   तिलकला दाखवलं तर त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत दिला. 

१९ नोव्हें., बुध.

अर्धा दिवस रजा टाकून ठाण्यात गेले. मूळ कागद दाखवला, लेखी अर्ज दिला: यादीतला शेरा रद्द करावा, मूळ कागद पाहिला आहे, तो खरा दिसतो. हवालदारांनी बोट ठेवून वाचला.

"आयला, ह्ये तर सगळं वाचाय येतंय की." मग, "मग पळाला कशाला?"

मी सांगितलं, "मी त्याला उभं करून गाणं म्हणायला लावलं. मग चारचौघांत पोलिसांचं नाव घेतलं."

 त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं ते. अर्जाची पोच दिली. मूळ प्रत ठेवून घ्यायची म्हणाले. दिली नाही, दोन झेरॉक्स दिल्या. "दुसरी प्रत त्याच्याकडे नाही," म्हटलं. मग त्यांनी हट्ट सोडला.

परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. बाबरचं पाकीटही. आणि मागच्या वर्षीची दोन कार्डंही, मी न बघता घेतलेली.

"विषय संपलाय, नसीम. कशाला उकरताय? तुमच्यावरच येईल."

"येऊ दे. लेखी देते."

दिलं. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, सही नाही, पोच नाही. उद्या परत मागणार आहे.

२१ नोव्हें., शुक्र.

पोच मिळाली. शेजारी साहेबांचं टिपण: "चौकशी होईपर्यंत भरतीचे काम दुसऱ्याकडे द्यावे." बाबरचं येणं बंद केलंय म्हणे. तसंच माझंही थोडंफार.

तानाजीराव दुपारी आले, उभेच. टोपी काढून हातात. "मला काय ठाव असणार, मॅडम, तिकडं असलं बी लोक असत्यात..." म्हटलं, मलाही नव्हतं. 

तिलकने पुण्याला, गोव्याला ओळखीच्यांना फोन केले. कुणाकडे पोचलेला नाही.

२३ नोव्हें., रवि.

पाच दिवस टाळलं. आज तुकड्यावरचा नंबर लावला. वहिनी. तिची बोली मला निम्मी कळली, माझी हिंदी तिला निम्मी. देवेनचा तिकडे फोन नाही. १५ तारखेच्या शनिवारी केला होता, म्हणाला होता काम चांगलं आहे, मॅडम चांगल्या आहेत.

तो पळालाय हे तिला माहीत नाही. मी सांगणार होते.

तिनेच विचारलं, "कागज मिला?"

"मिला."

"तो नौकरी पक्की हो गयी ना उसकी?"

माझ्या तोंडून "हाँ" गेलं. ती किती हसली. बाजूला कुणाला तरी ओरडून सांगितलं. फोन ठेवला.

लगेच परत लावायला हवा होता. हातात फोन धरून हजेरी उघडली. न कळवता सलग दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी होतं, असा आमचा नियम. आज त्याचा सातवा. उद्या सोमवार, सुट्टी, तो धरायचा नाही. म्हणजे उरले मंगळ, बुध, गुरु.

उद्या वहिनीला खरं सांगते.