साठ मीटरचं नीतिशास्त्र

५ एप्रिल २०२०, रविवार
कोरोनामुळे आता पर्थचा रस्ता बंद समजायचा. पोलीस परत पाठवतात. घरचे सोडले तर कालगुर्लीत मराठीत गप्पा मारायला एकटा लिओनार्ड. वसईचा. सुट्टीत धनुष्यबाणाने रानबकरे मारतो. मलाही ने म्हणालो. नवं धनुष्य ऑनलाइन मागवलंय. नीला म्हणाली, श्रीनिवास, तू पाल दिसली की मला हाक मारतोस.
संकल्प: मे महिन्यात एक बकरा, साठ मीटरवरून. पुण्याला मेव्हण्यालाही कळवलं. खाणीत मी सर्व्हेयर. अंतर हा माझा धंदाच आहे.

८ एप्रिल
लिओनार्डची अट. जितक्या लांबून पाचही बाण कागदी प्लेटमध्ये बसतील, तेवढंच माझं अंतर. त्यापुढून जनावरावर बाण सोडायचा नाही. साठ मीटरवर बाण पोचेपर्यंत बकरा एक पाऊल टाकतो, मग छातीत जायचा तो पोटात जातो आणि बकरा दोन दिवस मरत राहतो. असं ज्याने केलं त्याला तो पुन्हा नेत नाही. सख्ख्या साडूला नेत नाही.
माझं मत निराळं. लांबून मारणं ही खरी सभ्यता. समोरच्याला विचार करायला अवधी मिळतो. या विषयावर सूत्रं लिहायला घेतली आहेत. सूत्र पहिलं: दूरता हीच दया.

१२ एप्रिल, ईस्टर
लिओनार्डच्या प्लॉटवर. गवताची गासडी, तिच्यावर प्लेट. साठ मीटर: प्लेटमध्ये शून्य, गासडीत शून्य. वारा. चाळीस: तेच. ऊन डोळ्यांवर. अर्धा तास बाण शोधले. लिओनार्ड म्हणाला, अरे श्री, निदान गासडीला तरी घाबरव.
घरी येऊन सूत्र पहिलं दुरुस्त केलं. चाळीसच्या पुढून मारणारे मुळातच क्रूर.

१९ एप्रिल
तीस मीटर. एक बाण गासडीत. तीसच्या पुढे सगळा दिखाऊपणा, या निष्कर्षाला आलो.

२६ एप्रिल
वीस मीटर. पाचपैकी दोन. मेव्हण्याने विचारलं, साठ म्हणाला होतास ना? त्याला दोन पानी भाष्य पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

३ मे
आठ मीटर. पाचही प्लेटमध्ये. एक काठावर होता, पण लिओनार्ड म्हणाला, चल, नो वरीज, आठ तर आठ. पण आठच हं.
नुपूर म्हणाली, डॅड, ॲट एट मीटर्स यू कॅन जस्ट आस्क हिम. हल्ली युनिव्हर्सिटी घरातूनच असल्याने तिला मतं फार. सूत्र पहिलं आता असं: समीपता हीच दया. खालची मर्यादा सरकारने दीड मीटर ठरवलेलीच आहे.

१६ मे, शनिवार, स. ११
एका मेंढीपालकाच्या रानात. परवानगी काढलेली. तळ्याकाठी मी दबा धरून. समोर मातीचा उंच बांध. लिओनार्डने बजावलं, बांधाच्या दिशेनेच मार, चुकला तर बाण मातीत जाईल. पाठीमागे तोंड वळवायचं नाही. आणि तो बांधापलीकडे गेला.

११.४०
बांधासमोर बकरा. लेझरने मोजलं: बावीस मीटर. मारला नाही. स्वतःबद्दल आदर वाटला.

१२.१०
तोच बकरा, पंधरा मीटर. तरीही नाही. असा संयम या खंडात क्वचितच कुणी पाळला असेल.

१२.२५
बकरा वळसा घालून माझ्या पाठीमागे आला. मोजलं: बरोबर आठ. नीतीच्या दृष्टीने अंतर निर्दोष. दिशेबद्दल सूत्रांत काही नाही. मागे वळून सोडला.

२.३०, यूटच्या (इथल्या पिकअपच्या) सावलीत
बाण बकऱ्याच्या पाठीवरून पार गेला आणि लिओनार्डच्या यूटच्या मागच्या टायरमध्ये रुतला. मी मोजलं. एकसष्ट मीटर. आणि मधोमध.
लिओनार्डला आकडा सांगितला. तो जॅक शोधायला लागला. जनावर जखमी नाही, हेही लक्षात आणून दिलं. शेवटी म्हणाला, पुढच्या शनिवारी येशील, पण धनुष्य घरी ठेव. नीलाला म्हणावं पोळ्या जास्त दे.
त्याने जॅक लावला, मी नट धरून बसलो. बकरा परत आला. चार मीटरवर उभा राहून चाक निघेपर्यंत बघत होता. तेवढ्यावरून त्याने आमचं काही केलं असतं, तर त्याला अनैतिक म्हणता आलं नसतं.