शिशाची आद्याक्षरं

२६ ऑगस्ट
पोचले एकदाची. दोन दिवस गाडी हाकून कंबर मोडली, पण खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतंय आणि घरमालकिणीने गरमागरम पेस्टी आणून दिली. मोठ्या करंजीसारखी, आत मांस, बटाटा आणि गाजर. सोबत सॉस हवा की ग्रेव्ही, यावरून म्हणे इथे घरं फुटतात. मी सॉस म्हटलं, तर तिचं तोंड वाकडं झालं.

सदतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी! अकरा वर्षं आयोवात एक्स-रे काढले, आता रेडिओलॉजिस्टची सहायक होणार. मास्टर्सचे तास कॉम्प्युटरवर, पण हाताने शिकायचं सगळं इथल्या हॉस्पिटलात, डॉ. सारेलांच्या हाताखाली. कितीतरी दिवसांनी मी गाणं गुणगुणत बॅग उपसली.

२९ ऑगस्ट
डॉ. सारेला साठीचे, बारीक, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. चित्र आधी मी पाहायचं, काय दिसतंय ते कागदावर लिहून त्यांना द्यायचं, पण निदान त्यांचं. पेशंटला मी चकार शब्द सांगायचा नाही. पाहायचं सगळं, बोलायचं काही नाही, जमेल ना, असं त्यांनी हसत विचारलं. त्याची मला सवय आहे, मी म्हटलं. ते हसले.

विभागातली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ बेव्ह मॅटिला. जीभ तिखट, मन लोण्याचं. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, तेवढ्यात मला माणसात आणते म्हणाली. तिने माझे मार्कर मागून पाहिले. आमच्या धंद्यात प्रत्येकाचे स्वतःचे असतात: शिशाची दोन छोटी अक्षरं, एक डाव्या बाजूचं, एक उजव्या, खाली आपली आद्याक्षरं. चित्र काढताना कॅसेटवर, म्हणजे एक्स-रेच्या पाटीवर, चिकटवायचे, म्हणजे बाजू कुठली आणि चित्र काढलं कोणी, दोन्ही कायमचं उमटतं. माझ्या मार्करांवर डी. एच., डोरिन हॉगन. इथे दुसऱ्याच्या मार्करला हात लावायचा नाही, टूथब्रशसारखंच समज, असं तिने बजावलं.

९ सप्टेंबर
आज गिळण्याच्या तीन तपासण्या केल्या. पेशंट बेरियम कालवलेली खीर गिळतो आणि पडद्यावर ती घशातून उतरताना दिसते. तिसरी तर मी एकटीने केली, डॉक्टर नुसते मागे उभे होते. छान वाटलं.

एक विचित्र घडलं. संध्याकाळी चित्रं लावताना एकीच्या छातीच्या चित्रात दोन मार्कर दिसले. एक माझा. दुसरा समोरच्या कोपऱ्यात, त्यावर जे. टी. अशी अक्षरं. बेव्हला विचारलं, तर असं कोणी इथे कधी नव्हतं म्हणाली. कोणाची तरी जुनी कॅसेट असेल. असेल.

१२ सप्टेंबर
चार दिवसांत सहा चित्रं. सगळ्यांत जे. टी. आहे. मी तो लावत नाही. कॅसेट मी पुसून, उलटसुलट पाहून घेते. दुसऱ्याचे मार्कर वापरतेस का, म्हणून बेव्हने आज चांगलंच झापलं.

आता लिहायलाच हवं. सात वर्षांत कुठे लिहिलेलं नाही.

जे. टी. म्हणजे जनेल टिबेट्स. आयोवात आम्ही एकाच पाळीत होतो, एकाच डब्यात जेवायचो. एका दुपारी अतिदक्षता विभागातून तातडीचं बोलावणं आलं, एका माणसाचं फुप्फुस बसलं होतं. माझे मार्कर सापडेनात. तिचे टेबलावर पडले होते, ते उचलून मी धावले. गडबडीत उजवीकडचा डावीकडे लावला. सर्जनने चित्रावर विसंबून चांगल्या बाजूला नळी घातली. माणूस गेला.

चित्रावर तिची आद्याक्षरं होती. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून वीसेक चित्रं काढली होती. चौकशीत ती म्हणाली, मला आठवत नाही, पण माझेच मार्कर आहेत म्हणजे मीच असणार. मी शेजारी बसले होते. मी तिचा हात धरला होता. तोंड उघडलं नाही.

तिचं लायसन्स गेलं. दीड वर्षाने तीही गेली. तिच्या बहिणीने फोन केला, कशी ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिचे ते दोन मार्कर अजून माझ्याकडे आहेत, मोज्यात गुंडाळून. का ठेवले, माहीत नाही. मी नालायक बाई आहे, एवढं माहीत आहे.

१७ सप्टेंबर
आज सकाळी कामाला जाण्याआधी धक्क्यावर गेले आणि जनेलचे दोन्ही मार्कर सरोवरात फेकले. डुबुक असा आवाज आला, हलकं वाटलं. हॉस्पिटलात येऊन खिशात हात घातला.

खिशात जे. टी. होते. माझे स्वतःचे नव्हते.

म्हणजे मी माझेच फेकले. घाईत होतं असं. होतं ना?

१८ सप्टेंबर
हातून पुन्हा तेच घडलं.

वॉल्टर नीमी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर खनिजाच्या धक्क्यावर काम केलेले. छातीत एका बाजूला पाणी साठलेलं, ते सुईने काढायचं होतं. पोरी, सुई बोथट नाही ना, म्हणून माझी थट्टा करत होते. जे. टी.ला मी हात लावीना, नवे मार्कर मागवलेत ते आलेले नाहीत. बेव्ह जेवायला गेली होती. तिचे मार्कर टेबलावर होते.

मी ते उचलले.

एरवी हृदयावरून डावी-उजवी कळते, पण या चित्रात पाण्याने हृदयसुद्धा ढकललेलं, त्यामुळे बाजू मार्करवरूनच कळणार. बेव्हचा मार्कर एक सांगत होता. समोरच्या कोपऱ्यातला जे. टी. बरोबर उलट. मला राग आला. मी जे. टी.चा कोपरा कापून टाकला आणि चित्र पुढे पाठवलं. सुईआधी सोनोग्राफीने जागा बघायची असते. डॉक्टर घाईत होते, मीही न बघताच बघितली म्हणून सांगितलं.

चांगल्या फुप्फुसात सुई गेली. नीमी आता वर श्वासाच्या मशीनवर आहेत.

जनेल बरोबर होती. ती मला सावध करत होती आणि मी तिला कापून टाकलं.

१९ सप्टेंबर
डॉ. सारेलांनी विचारलं, चित्र कोणाचं. पडद्यावर बी. एम. होतं. मी म्हटलं, चित्रावर दिसतंय तेच आहे. बस, एवढंच म्हटलं.

बेव्हला घरी पाठवलंय. चौकशी गुरुवारी.

२२ सप्टेंबर
छातीत टोचतंय. घोट गिळताना दुखतं. पार्किंगमध्ये बेव्ह भेटली, लॉकर रिकामा करायला आली होती. माझा चेहरा बघून तिनेच मला आत नेलं आणि चित्र काढलं, स्वतःची नोकरी टांगणीला असताना.

छातीच्या हाडामागे पांढरं स्वच्छ अक्षर. जे. टी. माझ्या आत.

बेव्ह हसायला लागली, काय गिळलंस गं बाई. मग तिचं हसू थांबलं. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि खोकलाच आला. खोटं नाही लिहीत, पहिला खोकला मी मुद्दाम काढला होता.

२३ सप्टेंबर
पुन्हा चित्र. गळ्याच्या खळीशी आलंय. वर सरकतंय. उतरत नाही, वर सरकतंय.

बेव्हने सूप आणून दिलं. म्हणाली, मला त्या दिवशीचं आठवतच नाही गं, पण मार्कर माझेच, म्हणजे मीच—

अगदी तेच शब्द.

२४ सप्टेंबर
आवाज गेला. पाणीही उतरत नाही. जिभेच्या मुळाशी शिशाची चव.

नीमी गेले. दुपारी. त्यांची मुलगी जिन्यात बसून—

उद्या सांगेन. लिहून देईन. उद्या नऊला.

२५ सप्टेंबर, सव्वानऊ
बाहेर बाकावर. वही बरोबर आहे. आत लिहून दाखवायचं म्हणूनच आणली होती.

चौकशीत त्यांनी विचारलं, मार्कर बेव्हने लावला का. बोलता येत नसेल तर नुसती मान हलव म्हणाले. वही मांडीवर होती. पेन हातात होतं. सगळे माझ्याकडे बघत—

मी मान हलवली. हो म्हणून.

जनेलने नाही हलवायला लावली. माझी मीच.

आता श्वास— शिशाच्या कडा लागतायत आतून—

दार अजून उघडंय. बेव्ह समोरच्या बाकावर आहे, पर्स मांडीवर घेऊन. माझ्याकडे बघून हसली. तिला आत बोलावतायत. हे पान फाडून देते. आत्ता देते.

बेव्ह, तू नाहीस. जनेलही नव्हती. दोन्ही वेळा मार्कर मी ला—