हेदवीला पाठवलेली काळी माळ

व्हिटबी, इंग्लंड
४ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप आईस, ऋजुताचा दुरूनच साष्टांग नमस्कार.

पहिल्या कागदावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं, म्हणून हा दुसरा घेतला.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? सुपारी सोलायला कुणी येतं का?

बाबांच्या दहाव्याला मला येता आलं नाही. मोठ्या काकूने तुझी पोत काढून घेतली आणि तू दिवसभर रिकाम्या गळ्याशी हात नेत होतीस, असं सलिलदादा फोनवर म्हणाला. ते डोक्यातून जातच नाही गं.

मी कामाला आहे त्या जुन्या दागिन्यांच्या दुकानात एक काळी माळ आली. या मण्यांना जेट म्हणतात, जमिनीत गाडून दगड झालेलं लाकूड. अगदी हलकं असतं, गळ्याला गारही लागत नाही. हल्ली कॉलेजच्या मुली हौसेने घेतात. मी मालकिणीला म्हटलं, आमच्याकडे काळे मणी नवरा असेतोवरच घालतात. ती म्हणाली, इथे पूर्वी विधवा बायका घालायच्या, दुःखाची खूण म्हणून.

ती माळ मी घेतली. सोबतच्या डबीत आहे. पदराखाली लपवू नकोस. काकूने विचारलं तर सांग, लेकीच्या गावात ही नवरा गेल्यावरच घालतात.

तुझीच,
ऋजू