मला आठवत नाही, असं मी म्हणाले

बाई, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले आहे तीही मायेपोटी नाही, भीतीपोटी. गेले दीड महिने फोन वाजला की मी आधी नंबर बघते आणि ओळखीचा नसला तर तो वाजून वाजून बंद होईपर्यंत नुसती बघत राहते. तुम्ही असता तर विचारलं असतं, नेमकी कशाची भीती वाटते ते आधी नीट सांग. तेच सांगायचा प्रयत्न करते आहे.

मी परतूरला असते. एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. आई माझ्याजवळच आहे, ऐंशीच्या पुढे गेली, पण कान आणि आठवण शाबूत आहे. दीड महिन्यापूर्वी एका गुरुवारी मधल्या सुट्टीत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. माणूस गोड बोलणारा. त्यांनी आधी आईची तब्येत विचारली, चहा मागवला, आणि मग सांगितलं की जालन्याच्या तुमच्या ख्रिस्ती शाळेविरुद्ध, जिथं बोर्डिंगात राहून मी शिकले, तक्रार गेली आहे. बोर्डिंग तर कधीच बंद पडलं, शाळा अजून चालू आहे, थोड्याच मुली आहेत. तक्रार अशी की तिथं पूर्वीपासून गोरगरिबांच्या मुलींना शिक्षणाची लालूच दाखवून धर्म बदलायला लावायचे. पुढच्या आठवड्यात जालन्याला चौकशी आहे आणि तिथं शिकलेल्या बायांचे जबाब पाहिजेत. त्यांनी माझ्या नावानं टाईप केलेला जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हणाले, असं काही नव्हतं, साहेब. ते हसले. "मॅडम, प्रार्थना व्हायची का न्हाई?" मी म्हणाले, व्हायची. "जेवण, पुस्तकं, सगळं फुकट व्हतं का न्हाई?" मी म्हणाले, होतं. "मंग यात खोटं काय लिवलंय? तुम्ही आमचंच माणूस आहात. दोन मिनिटाचं काम." खरंच, बाई, त्या कागदावरचं एकेक वाक्य सुटं वाचलं तर खरं होतं. सगळं मिळून मात्र ते धादांत खोटं होतं. मी सही केली नाही, पण नाहीही म्हणाले नाही. विचार करून सांगते म्हणाले, आणि कागद पर्समध्ये घालून वर्गावर गेले.

प्रार्थना व्हायची. पहिल्या तासाआधी तुम्ही टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहायच्या आणि चार वाक्यांत आटपायच्या. आम्हाला म्हणायच्या, ज्यांना डोळे मिटायचे नाहीत त्यांनी खिडकीबाहेर बघा, पण गप्प बसून बघा. एकदा परीक्षेच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, बाई, गणित सोपं यावं म्हणून प्रार्थना करा, तर तुम्ही सरळ नाही म्हणालात. देवानं डोकं दिलंय ते वापरायला दिलंय, गणित तो सोडवणार नाही, तुझं मन थाऱ्यावर आणील एवढंच, असं काहीतरी तुम्ही म्हणाला होतात. मला तो लिंबाच्या पानाचा तासही आठवतो. पान उजेडात धरून तुम्ही शिरा दाखवताय, आम्ही वह्यांत काढतोय, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, बाई, हे देवानं केलं का? तुम्ही म्हणालात, "मला तसं वाटतं. ते माझं आहे. पण पानात काय आहे ते सगळ्यांचं आहे, ते आधी नीट बघ." पुढं मी तीस वर्षं पानं शिकवली. दर वर्षी ते वाक्य तोंडाशी येतं, आणि मी ते गिळून टाकते.

स्वयंपाकघर तुमचं आणखी निराळं. भाकरी थापायची पाळी सगळ्यांची, आणि राखेनं पातेली घासायचीही पाळी सगळ्यांची, त्यात तुमची स्वतःची. पहिल्या दिवशी मी तुम्हाला पदर खोचून वरणाचं पातेलं घासताना बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की या इथल्या कामवाल्या बाई आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच बाई वर्गात इंग्रजी शिकवायला आल्या. तुमचा प्रभू शिष्यांचे पाय धुणारा होता, त्याच्या नावानं शाळा काढायची आणि शिकलेल्यांनी भांडं दुसऱ्याकडं सरकवायचं, हे तुम्हाला चालत नव्हतं. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यानंतर तिथं राहिलेल्या एका बाईंनी मला सांगितलं.

आणि बाई, नववीतली ती दुपार. तुम्ही तुमच्या खोलीत वह्या तपासत होता. मी दारात उभी राहून म्हणाले की मला ख्रिस्ती व्हायचंय. तुम्ही लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, का? मी म्हणाले, तुम्ही मला शिकवता म्हणून. मला वाटलं होतं, तुम्ही जवळ घ्याल. तुम्ही रागावलात. "म्हणजे तू मला फी देतेस? शिकवलं त्याच्या बदल्यात देव घ्यायचा? असला सौदा माझ्या वर्गात होत नाही." मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, स्वतः पलंगावर बसलात, आणि म्हणालात की मोठी हो, वाच, स्वतःच्या डोक्यानं विचार कर, आणि मग जे पटेल ते कर, ते माझ्यासाठी करू नकोस. आठवड्यानं तुम्ही बाजारातून आलात ते एक पुस्तक घेऊन. बुद्धाच्या आयुष्यावरचं, मोठ्या अक्षरातलं. "हे तुझ्या घरचं आहे. आधी हे वाच." आमच्या घरात तोवर भिंतीवर दोन तसबिरी होत्या, पण वाचायला काही नव्हतं. माझ्या घरचं पुस्तक मला तुम्ही आणून दिलंत, बाई. मी बौद्ध म्हणून जन्मले ती आईच्या पोटी, पण समजून बौद्ध झाले ती तुमच्यामुळं.

हे सगळं मला लख्ख आठवत होतं, आणि तरी तो आठवडा मी कसा काढला ते ऐका. नवरा म्हणाला, सही करून टाक, मेलेल्या माणसाचं काय बिघडतंय, आपल्याला इथं राहायचंय. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागल्या. एक पांढरी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन दिवस उभी होती. ती कदाचित कुणाच्या पाहुण्यांची असेल, पण मी त्या दोन दिवसांत दूध आणायलासुद्धा गेले नाही. दहावीच्या निरोपाचा आपला फोटो भिंतीवर होता, तुम्ही मधे, आम्ही भोवती. तो मी खाली काढला आणि पेटीत साड्यांच्या तळाशी घातला. भिंतीवर त्याचा स्वच्छ चौकोन उरला, तर त्यावर कॅलेंडर लावलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला की सही नसली करायची तर राहू द्या, पण चौकशीला येऊन तोंडी सांगा, बिलकुल घाबरायचं काम नाही.

चौकशीचे अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मागच्या बाकावर अध्यक्षांचे तीन लोक बसले होते. त्यातला एक सारखा खोकत होता, आणि प्रत्येक खोकल्याला मी दचकत होते. साहेबांनी विचारलं, "तुम्ही शिकत असताना धर्म बदलण्यासाठी तुमच्यावर कुणी दबाव आणला होता का?" एका शब्दाचं उत्तर होतं, बाई. नाही. दोन अक्षरं. मी त्या अधिकाऱ्यांच्या पेनाकडं बघत राहिले आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "मला आठवत नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, तीही नीट आली नाही.

परत येताना एसटीत खिडकीशी बसले. वाटूरला गाडी बराच वेळ थांबली, शेंगा विकणारी बाई खिडकीतून दोनदा विचारून गेली. घरी आले तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं विचारलं, काय म्हनले? मी तिथंच बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती बोलेल, शिव्या घालील. ती तशीच सोलत राहिली आणि म्हणाली, "मला आठवून राह्यलं ना. मला ने." मग तिनं जे सांगितलं ते मला चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मला बोर्डिंगात ठेवायला आमच्या गावाहून, आष्टीहून, ती आली होती त्या दिवशी मी नळावर हातपाय धूत होते, आणि ती तुमच्यापुढं उभी राहून म्हणाली होती, "हिला तुमच्यात घ्या, नाव बदला, काय करायचं ते करा, पन शिकवा." तुम्ही तिला म्हणाला होतात की शिकायला काही बदलावं लागत नाही, फक्त महिन्यातून एकदा येऊन पोरीला भेटत जा. ती भेटायला यायची तेव्हा तुम्ही तिच्याही हातात पेन्सिल द्यायच्या, हे मात्र मी बघितलेलं आहे. पाच महिन्यांत तिला सही यायला लागली. आई लसूण बाजूला ठेवून म्हणाली, "आपुन देऊन राह्यलो व्हतो, तिनं घेतलं न्हाई. हे सांगायला तुला काय भ्याव वाटतं?" मला राग आला, कारण तिला नोकरी नाही, तिला स्टाफरूममध्ये बसायचं नाही. तसं मी बोललेही. ती म्हणाली, "बराबर आहे तुझं. मंग तू बस घरी. मी जाते."

तिला एकटीला कशी पाठवणार? सोमवारी आम्ही दोघी गेलो. अधिकारी म्हणाले, दिलेला जबाब खोडता येत नाही, पण लेखी पुरवणी जोडता येते. मी बाहेरच्या बाकावर बसून अडीच पानं लिहिली. प्रार्थना व्हायची हे लिहिलं, जेवण फुकट होतं हे लिहिलं, आणि नववीतली ती दुपारही लिहिली, मी काय मागितलं आणि तुम्ही काय म्हणालात ते. आधीच्या जबाबात खोटं बोलले असं लिहायचं होतं तिथं मी 'घाबरून गेले होते' असं लिहिलं. आईनं तिचं म्हणणं सांगितलं, मी ते खाली लिहून घेतलं, आणि तिनं आपली सही केली, पाच अक्षरं, एकेक सुटं, तुम्ही शिकवलेलं तसंच. साहेबांनी कागद दोनदा वाचला. शिक्का मारला आणि आईला विचारलं, आजी, घरी कशा जाणार?

चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. शाळेत माझ्याकडून दहावीचं विज्ञान काढून घेतलं, आता मी पाचवीला शिकवते. अध्यक्ष दिसले की नमस्कार करतात, आईची तब्येत विचारत नाहीत. पाचवीच्या मुली चांगल्या आहेत. परवा एकीनं विचारलं की मॅडम, हे फूल कुणी केलं, आणि मी वर्गाच्या दाराकडं बघितलं, कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं. तरी मी तिला म्हणाले, आधी पाकळ्या मोज. तुम्ही तेवढ्यावर थांबला नव्हता, मी थांबले. मला वाटायचं की खरं बोललं की भीती जाते. गेली नाही. फक्त ती कशाची आहे ते आता सांगता येतं. नोकरीची आहे, नवऱ्याच्या गप्प बसण्याची आहे, आणि पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा तेच म्हणेन की काय, याची सगळ्यात जास्त आहे.

वरचं सगळं लिहून दोन दिवस झाले; हे पत्र तुमच्या कबरीवर नेऊन ठेवायचं मनात होतं. काल जालन्याला औषधं आणायला गेले होते तेव्हा घडी घालून पर्समध्ये घेतलंही होतं. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेले. समोरच्या टपरीवर दोन माणसं चहा पीत उभी होती, माझ्या ओळखीची नव्हती, माझ्याकडं बघतही नव्हती. मी फाटकाला हात लावला, आणि बाई, मी तशीच पुढं चालत गेले, जणू मला दुसरीकडंच कुठं जायचं होतं.