मधली फळी

प्रिय शालन,

‘प्रिय’ लिहून थोडा थांबलो. तुला मी कधी पत्र लिहिलंच नव्हतं. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण काल पुण्याला जाऊन आलो, आणि दौंडला घरी परतल्यावर काय पाहिलं ते सांगायला कुणी नव्हतं. कुलूप काढलं, दिवा लावला, तोंडातून निघालं, “अगं, ऐक.” पुढचं गिळून बसलो. ते आज लिहितो.

दुकानातली मोटारीच्या वाइंडिंगची तार संपली होती. ती घेतली, गाडीला वेळ होता, म्हणून आपण दोघं गेलो होतो त्या बागेत गेलो. तिथलं मत्स्यालय अजून आहे. आपल्या लग्नाच्याही आधीपासूनचं. तोच अंधारा हॉल, दोन्ही भिंतींत काचेच्या टाक्या, प्रत्येकीवर माशाचं नाव रंगवलेली पत्र्याची पाटी. ओलसर वासही तोच.

त्या दिवशी तू स्टीलच्या डब्यात कणकेच्या गोळ्या घेऊन आली होतीस, आठवतं? दर अमावास्येला भीमेच्या घाटावर माशांना टाकायचीस तशाच, बोराएवढ्या, हळद लावलेल्या. गाडीत मी विचारलं तर म्हणालीस, “येवढ्या मोठ्या शहरातले मासे बघाय चाललोय, रिकाम्या हातानं जायचं व्हय?” आणि पहिल्याच टाकीपाशी डबा उघडून, काचेला तोंड कुठं आहे ते हातानं चाचपू लागलीस. राखणदार धावत आला. “ओ ताई, इथं खायला घालायचं नसतं.”

तू डबा झाकलास, पण त्याला सोडलं नाहीस. “मग ह्यांच्याकडं पाव्हणं येऊन उपेग काय?”

मी हसलो नाही. माझं लक्ष आवाजाकडं होतं. पाण्यात हवा सोडणाऱ्या मोटारीचं बेअरिंग गेलेलं होतं आणि मी ते त्या माणसाला समजावून सांगायला लागलो. तू म्हणालीस, “अहो, मासे बघाय आलाय का मोटारी?”

काल कान देऊन ऐकलं. बेअरिंग बदललंय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पण लिहायचं आहे ते कोपऱ्यातल्या दोन छोट्या टाक्यांबद्दल. फायटर माशांच्या. बोटभर मासा, एकीत निळा, दुसरीत तांबडा, शेपटी पदरासारखी. टाक्या एकमेकींना चिकटून, आणि मधे लाकडाची फळी उभी केलेली. पाटी मी तुला मोठ्यानं वाचून दाखवली: दोन नर एकत्र ठेवले तर मरेपर्यंत भांडतात. तू पुन्हा राखणदाराला गाठलंस.

“एकत्र नका ठेवू. पण फळी कशाला? मधी काच हाय की.”

“एकमेकाला बघितलं की फुगत्यात, ताई. काचंवर धडका देत्यात.”

“फुगू द्या की. फुगून फुगून किती फुगतील? दमतील आन् बसतील समोरासमोर.”

मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, “दिसायला तरी पायजे.”

तू माशांबद्दल बोलत नव्हतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. आपला सुनील नुकताच दुकान सोडून रांजणगावच्या कंपनीत लागला होता, शिरूरला बिऱ्हाड करून. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मोटारी भरायचं काम मला कुणी शिकवलं नाही. जळकी मोटार उघडायची, तारेचा एकेक वेढा उलगडून मोजायचा, तसाच परत घालायचा, असा शिकलो. ते सगळं त्याला आयतं देत होतो. आणि तो म्हणाला, “आप्पा, जळक्या मोटारी भरण्यात आता काय राहिलंय? लोक नवीनच आणत्यात.” मी म्हणालो, “मग ह्या दुकानाची पायरी चढू नकोस.” तो चढला नाही. माझाच मुलगा, बोललेला शब्द धरून बसणारा. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, शालन. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तू मात्र एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला जायचीस, आणि परत आलीस की माझ्या ताटासमोर बसून सांगायचीस. त्याचा खोकला हटत नाही, रात्रपाळी लागलीय, भिंतींना रंग दिलाय. मी नुसता “हं” म्हणायचो. तिकडं जाऊन माझंही असंच सांगत असशील. आम्ही दोघं एकमेकांना तुझ्यातून दिसत होतो, हे आत्ता कळतंय.

दवाखान्यात तुला काचेच्या दारापलीकडं ठेवलं होतं. सुनील आला की मी खाली चहाला जायचो. मी वर आलो की तो जिना उतरायचा. तू कॉटवरून माझ्याकडं बघायचीस आणि मग माझ्या खांद्यामागं. ‘अहो, दोघं मिळून या,’ एवढं सरळ का नाही म्हणालीस कधी? का मला ओळखून होतीस, म्हणून माशांवरून सांगितलंस?

तुझ्या दहाव्याला नदीवर आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. पण तिथं माणसं भरपूर होती. माणसं पांगली, तो शिरूरला गेला, मी दुकान उघडलं.

काल त्या कोपऱ्यात गेलो. एका टाकीत एक फायटर होता, हिरवट. तेव्हाचे दोन्ही कधीच गेले असणार, दोन-तीन वर्षांपलीकडं ही जात जगत नाही. दुसऱ्या टाकीत नुसतं पाणी. आणि फळी मधे तशीच उभी. राखणदार नवा होता. त्याला विचारलं, “पलीकडं मासाच नाही, मग फळी कशाला?”

“राहिलीय तशीच, काका. काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.”

“मी काढू?”

“काढा की.”

एका हातानं निघाली. मासा काचेपाशी आला. फुगला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, पलीकडच्या रिकाम्या पाण्याकडं तोंड करून थांबला. मी तिथून हललो तेव्हाही तो तसाच होता.

परवा रविवार. सुनीलला सुट्टी असते, हे तूच सांगितलेलं. सकाळची शिरूर गाडी धरणार आहे. रिकाम्या हातानं जाणार नाही, तुझा तो डबा घेईन. त्यात काय भरायचं ते अजून सुचलेलं नाही. मी माफी मागणार नाही. तोही मागेल असं वाटत नाही. फुगू दोघंही, धडकाही देऊ. पण संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्याच्यासमोरून उठणार नाही. बोलणं जमेलच असा शब्द देत नाही. त्याला दिसेन, एवढा देतो.

तुझे,
अहो